दस्त्याचे लाकूड आणि तीन गुण

बंदुकीच्या इतिहासात नळी व दारू यांचाच महिमा गायिला जातो. जो लाकडी दस्ता तिला माणसाच्या देहाशी जोडतो, त्याची दखल क्वचितच घेतली जाते. अमेरिकेतील क्रीडमूर येथील दूरपल्ल्याच्या स्पर्धांत रायफलीचे वजन १० पौंडांपेक्षा अधिक चालत नसे आणि बाहेरचा टेकू निषिद्ध होता. तेव्हा देहालाच टेकू करणे भाग पडले. काही नेमबाज पाय निशाणाकडे करून उताणे पडत व नळी पायांवर टेकवीत. डोळा दस्त्याच्या मागील टोकाशी येई. म्हणून मागचे नेमदर्शकही तेथेच बसविले जाई. पुढच्या माशीपासूनचे अंतर वाढल्याने, नेम धरताना झालेली तेवढीच चूक निशाणावर कमी फरक पाडी.

याच मैदानावर २६ सप्टेंबर १८७४ रोजी ८००, ९०० व १००० यार्डांवर सामना झाला. अमेरिकेचे गुण ९३४, आयर्लंडचे ९३१. आयरिश संघातील मिल्नर यांची एक गोळी अचूक मध्यभागी बसली; परंतु दुसऱ्याच निशाणाच्या! ४ गुण बुडाले. ते मिळते, तर आयर्लंड एका गुणाने विजयी होते. दस्ता देहाला स्थैर्य देतो. निशाण कोणते, याचे भान मात्र माणसानेच राखावयाचे असते.