विषातून गवसलेली पारख

एरंडाच्या बीतील विषाचा शोध घेताना १८८८ साली डोर्पाट विद्यापीठात हेर्मान श्टिलमार्क यांना आढळले, की तिच्या अर्काने तांबड्या रक्तपेशी एकमेकींना चिकटून त्यांचे पुंजके होतात. अर्कातील प्रथिने पेशींवरील शर्करा धरून ठेवतात, हे त्याचे कारण पुढे उमगले. १९५१ साली जी. डब्ल्यू. जी. बर्ड यांनी ‘करंट सायन्स’मध्ये कुळथाच्या अर्काचा असाच गुण नोंदविला, मात्र तो अर्क ‘ए’ गटाच्याच पेशी निवडीत होता. या निवडीवरूनच १९५४ साली विल्यम बॉइड व एलिझाबेथ शेपली यांनी या प्रथिनांना ‘लेक्टिन’ हे नाव दिले. ‘ए’ गटाचे उपप्रकार ओळखण्यास कुळथाचे लेक्टिन आजही वापरतात. शर्करा ओळखण्याचा गुण एकच. एरंडात तो घातक ठरला, कुळथात रक्ताची पारख करणारा.