बॉनेटखालचा वैशाख

जुनी स्पोर्ट्स कार उन्हाळ्यात गरम होऊ लागली की आपल्याकडे पहिलं बोट रेडिएटरकडे जातं. तो मोठा करा, त्यात एक थर वाढवा, पंखा दांडगा बसवा, ही गॅरेजातली ठरलेली उत्तरं. त्यांत तथ्य नाही असं नाही. इंजिनातलं पाणी ९० अंशांवर असेल आणि बाहेर इंग्लंडातला २० अंशांचा उन्हाळा असेल, तर रेडिएटरला ७० अंशांचा फरक मिळतो. तीच गाडी मे महिन्यात रिसोड तालुक्यातल्या रिठदच्या रस्त्यावर आणली आणि पारा ४४ वर असला, तर फरक उरतो ४६ अंशांचा. म्हणजे गाडीत काहीही न बिघडता रेडिएटरची ताकद एक तृतीयांशाने घटली. युरोपात आखलेल्या गाड्या वऱ्हाडात का उकळतात, याचं अर्धं कारण या वजाबाकीत आहे. उरलेलं अर्धं कारण मात्र रेडिएटरच्या मागे असतं, आणि तिकडे पाहण्याची सवय आपल्याला लागलेली नाही. रेडिएटर उष्णता नाहीशी करत नाही, तो ती हवेला देतो. ही तापलेली हवा थेट इंजिनावर जाते. तिथे एक्झॉस्टचं मॅनिफोल्ड आधीच रखरखत असतं. या हवेला बाहेर पडायला वाट नसेल, तर पुढून कितीही हवा रेटली तरी ती आत शिरायलाच नाखूश असते. धुराडं बुजलेल्या स्वयंपाकघरात चुलीला फुंकर घालत बसण्यासारखंच ते आहे.

स्पोर्ट्स कारचा इतिहास हेच सांगतो. दुसऱ्या महायुद्धाच्या आधीच्या आणि लगतच्या एमजीसारख्या गाड्यांत मडगार्ड सुटे असत, बॉनेट अरुंद असे आणि त्याच्या दोन्ही बाजूंना पत्र्यात दाबून काढलेल्या झरोक्यांची रांग असे. गरम हवा तिथूनच निघून जाई. पुढे बॉडी रुंद आणि बंदिस्त झाली. गाडी देखणी झाली, वाऱ्याला कमी अडवू लागली, पण इंजिनाभोवतीची मोकळीक गेली. १९६१ ची जॅग्वार ई-टाईप घ्या. लांबलचक, गुळगुळीत अशा तिच्या बॉनेटवरही झरोके काढावेच लागले. १९६६ ची लॅम्बोर्गिनी मिउरा पाहिली, तर इंजिन पाठीमागे आडवं बसवल्यावर मागच्या काचेच्या जागी पट्ट्यांची जाळी आली. लोटस सेव्हनच्या बऱ्याच गाड्यांत एक्झॉस्टचा पाइपच बॉडीच्या बाहेरून, कडेने नेलेला दिसतो. सगळ्यात तापट वस्तू कोंडीतून बाहेर काढायची, हा त्यामागचा साधा हिशेब. आपल्याकडे अलिबागजवळ चिंकारा मोटर्सने इसुझूचं १.८ लिटरचं इंजिन घालून जी रोडस्टर बांधली, तिचं घराणं याच लोटसचं.

पण महाराष्ट्रात या प्रश्नाचा खरा अनुभव स्पोर्ट्स कारवाल्यांपेक्षा फियाटवाल्यांनी घेतला. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने कुर्ल्याच्या कारखान्यात फियाट ११०० बनवली. तीच पुढे प्रीमियर पद्मिनी झाली, मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी झाली, आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये या टॅक्सींतली शेवटची पद्मिनी रस्त्यावरून उतरली. १०८९ सीसीचं हे इंजिन द्रुतगती मार्ग होण्याआधी बोर घाट चढून वर येई, तेव्हाचं एक दृश्य त्या काळातल्या प्रवाशांच्या ओळखीचं आहे. बॉनेट उघडलेलं आणि इंजिनाच्या पेट्रोल पंपावर ओला फडका. रेडिएटरवर नव्हे, पंपावर. गाडी उकळलेली नसे, काटाही जागेवर असे, तरी बंद केलेली गाडी पुन्हा सुरू होत नसे. पेट्रोलमधले हलके घटक ४० अंशांच्या आसपासच उकळू लागतात, आणि हा पंप इंजिनालाच चिकटून बसलेला. इंजिन बंद झालं की पंखा थांबतो, पाणी फिरायचं थांबतं, पण मॅनिफोल्ड तापलेलंच राहतं, त्यामुळे बॉनेटखालचा पारा आणखी चढतो. पंपात आणि नळीत पेट्रोलची वाफ धरते आणि कार्बोरेटर कोरडा पडतो. तो ओला फडका ठेवणाऱ्या ड्रायव्हरने जे ओळखलं होतं, ते मोठा रेडिएटर विकणारे आजही मान्य करत नाहीत: पाण्याची उष्णता आणि बॉनेटखालची उष्णता ही दोन वेगळी दुखणी आहेत.

यावर कुणी म्हणेल, मग बॉनेटची मागची कड वॉशर घालून बोटभर उचलली की झालं. हा तोडगा जुना आणि लोकप्रिय आहे. घाटात, रांगेत, उभ्या गाडीत तो चालतोही, कारण गरम हवा आपणहून वर जाते. पण गाडी वेगात असताना समोरच्या काचेच्या पायथ्याशी वारा आदळून दाब वाढतो, आणि त्या फटीतून हवा बाहेर पडण्याऐवजी आत घुसते. दुसरा सल्ला थर्मोस्टॅट काढून टाकण्याचा. त्याने इंजिन तापायला वेळ लागतो, काही इंजिनांत गरम पाणी रेडिएटर टाळून परत फिरतं, आणि बॉनेटखालच्या हवेत तर काडीचाही फरक पडत नाही. तिसरा मार्ग उष्णता झाकण्याचा. जुन्या एसटीत ड्रायव्हरशेजारच्या इंजिनावर जाड गादी असायची. तिने माणसाचे पाय वाचत, इंजिनाच्या उष्णतेचा निचरा होत नसे. एक्झॉस्टवर गुंडाळायची पट्टी त्याहून उपयोगी, पण ओल धरून जुना पाइप गंजवते. मॅनिफोल्ड आणि कार्बोरेटर यांच्यामध्ये ॲल्युमिनियमचा आडोसा घालणं मला जास्त पटतं, कारण त्यात मूळ भागाला धक्का लागत नाही.

खरा गंभीर आक्षेप जतन करणाऱ्यांचा आहे. साठ वर्षांच्या बॉनेटला भोकं पाडणं म्हणजे एका दस्तऐवजावर खाडाखोड. तो मला पूर्ण मान्य आहे, म्हणूनच मूळ बॉनेट कोरड्या जागी जपून ठेवावं आणि रस्त्यासाठी दुसरं घडवावं. झरोके कुठे काढायचे हे मात्र डोळ्यांच्या अंदाजाने ठरवू नये. पारदर्शक प्लास्टिकची नळी यू आकारात वाकवून तिच्यात रंगीत पाणी भरायचं, एक तोंड बॉनेटच्या पृष्ठभागावर चिकटवायचं, दुसरं बॉनेटखाली सोडायचं आणि शेजारच्याने साठच्या वेगाला पाण्याची पातळी वाचायची. साधारणपणे रेडिएटरच्या लगेच मागे, बॉनेटच्या पुढच्या अर्ध्या भागात, बाहेरच्या तोंडाकडचं पाणी वर ओढलं जातं. पत्रा तिथे कापायचा, आणि झरोक्याचं तोंड मागच्या बाजूला ठेवायचं.