पित्ताशयातील पॉलिपचे निदान व सोनोग्राफी : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

पित्ताशयाच्या अस्तरातून पोकळीत वाढलेल्या उंचवट्यास पॉलिप म्हणतात. रुग्णास त्याची जाणीव बहुधा होतच नाही. त्यामुळे त्याचा इतिहास हा मुख्यतः तो दाखविणाऱ्या साधनांचा इतिहास ठरतो.

१९२४ मध्ये अमेरिकेतील सेंट लुईस येथे एव्हार्ट्स ग्रॅहम व वॉरन कोल या शल्यविशारदांनी क्ष-किरण अडविणारे द्रव्य शिरेतून देऊन पित्ताशयाची प्रतिमा मिळविली. पुढे हे द्रव्य तोंडावाटे देण्याची पद्धत रूढ झाली व सुमारे अर्धशतक टिकली. मात्र द्रव्य पित्ताशयात न उतरल्यास काहीच दिसत नसे.

१९४० च्या दशकाच्या अखेरीस जॉर्ज लुडविग यांनी बेथेस्डा येथील अमेरिकी नौदलाच्या वैद्यकीय संशोधन संस्थेत मानवी पित्तखडे कुत्र्यांच्या शरीरात बसवून श्राव्यातीत लहरींचे प्रतिध्वनी नोंदविले. पडद्यावर चित्र नव्हते. केवळ उंचावणारी रेषा होती. १९५८ मध्ये ग्लासगोच्या इयान डोनाल्ड व सहकाऱ्यांचा पोटातील गाठींविषयीचा निबंध ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाला. १९७० च्या दशकात करड्या छटांच्या प्रतिमा प्रचारात आल्या आणि खडा व पॉलिप यांतील भेद दिसू लागला. खडा ध्वनी अडवितो, म्हणून त्यामागे काळी सावली पडते. रुग्णाने कूस बदलताच तो घरंगळतो. पॉलिप भिंतीस धरून राहतो व सहसा सावली टाकीत नाही. यंत्र कितीही प्रगत असो, रुग्णास कुशीवर वळविण्याची ही साधी रीत आजही सुटलेली नाही. तरीही भिंतीस चिकटलेला खडा पॉलिप म्हणून नोंदला जातोच.

सोनोग्राफी सार्वत्रिक झाल्यावर सुमारे पाच टक्के प्रौढांत पॉलिप आढळू लागले. त्यांतील बहुतेक कोलेस्टेरॉलचे, म्हणजे निरुपद्रवी असतात. कर्करोगाच्या भीतीने किती पित्ताशये काढावीत, हा खरा प्रश्न होता. १० मिलिमीटर व त्याहून मोठा पॉलिप शस्त्रक्रियेस योग्य, ही मर्यादा रूढ झाली. वस्तुतः ती सोयीची रेषा आहे.

महाराष्ट्रात सोनोग्राफीची सामाजिक चर्चा १९८८ च्या गर्भलिंगनिदानविषयक कायद्याभोवती फिरत राहिली. गर्भाशयापलीकडील सोनोग्राफीकडे अभ्यासकांचे फारसे लक्ष गेले नाही. वास्तविक २०१७ च्या संयुक्त युरोपीय मार्गदर्शक तत्त्वांत ‘भारतीय वंश’ हा स्वतंत्र जोखीमघटक मानला गेला होता. पित्ताशयाच्या कर्करोगाचे प्रमाण गंगेच्या खोऱ्यात फार अधिक, तर दक्षिण भारतात बरेच कमी आहे. एकाच नावाखाली हे सारे बसविणे सदोष होते. २०२२ च्या सुधारित आवृत्तीत त्याजागी ‘आशियाई वंश’ असा त्याहूनही व्यापक शब्द आला. त्यानुसार अशा व्यक्तीचा ६ ते ९ मिलिमीटरचा पॉलिपही शस्त्रक्रियेच्या कक्षेत येतो.