वधूपुढे चालण्याचा मान कुणाचा?

चर्चमधील विवाहात वधू प्रवेशद्वारातून वेदीकडे निघण्यापूर्वी एक लहान मुलगी तिच्या पुढे चालते. तिच्या हातात छोटी परडी असते आणि परडीतील फुलांच्या पाकळ्या ती वाटेवर उधळत जाते. हीच ‘फ्लॉवर गर्ल’. साधारणतः तीन ते आठ वर्षे वयाची ही मुलगी बहुधा वधूची किंवा वराची भाची अथवा पुतणी असते. मुंबई, वसई व गोव्यातील ख्रिस्ती कुटुंबांना ही प्रथा परिचित आहेच. अलीकडे शहरांतील हिंदू लग्नांतही वधूच्या आगमनाच्या वेळी पाकळ्या उधळणाऱ्या चिमुरड्या दिसू लागल्या आहेत.

मात्र जवळच्या नात्यात त्या वयाची मुलगीच नसेल तर? किंवा असूनही दोनशे अनोळखी माणसांच्या नजरांसमोरून एकटीने चालण्यास ती तयार नसेल तर? लग्न ठरलेल्या अनेक घरांत हा प्रश्न येतो आणि मग दूरच्या नात्यातील एखादी मुलगी शोधून तिला झालरींचा फ्रॉक शिवला जातो. वास्तविक एवढी धडपड करण्याचे कारण नाही. या प्रथेला पर्याय आहेत आणि त्यांतील काही तर ‘फ्लॉवर गर्ल’पेक्षाही जुने आहेत.

मशाल, गहू आणि रोझमेरी

प्राचीन रोममध्ये वधूची मिरवणूक सायंकाळी सासरी निघे, तेव्हा तिच्यासोबत तीन मुलगे असत. दोघे तिचे हात धरत आणि तिसरा हॉथॉर्न या काटेरी झुडपाच्या लाकडाची पेटती मशाल घेऊन पुढे चाले. या मुलांची निवड करताना एक अट पाळली जाई: त्यांचे आई व वडील दोघेही हयात असले पाहिजेत. वाटेत फुलांऐवजी अक्रोड उधळले जात.

टॉमस डेलोनी या इंग्रज लेखकाच्या १५९७ च्या सुमारास प्रसिद्ध झालेल्या ‘जॅक ऑफ न्यूबरी’ या कथेत एका विवाहाचे वर्णन आहे. त्यातही वधूला चर्चमध्ये नेतात ते दोन मुलगेच. त्यांच्या बाह्यांना फिती व रोझमेरीच्या डहाळ्या बांधलेल्या आहेत. वधूपुढे मुलामा दिलेला चषक नेला जातो व त्यात रोझमेरीची फांदी खोचलेली असते. मागून वाजंत्री आणि सोनेरी रंगवलेल्या गव्हाच्या लोंब्यांचे हार घेतलेल्या कुमारिका. म्हणजे सुगंध, धान्य व प्रकाश या तीन गोष्टी वधूच्या वाटेवर असाव्यात, एवढेच जुन्या रिवाजात समान दिसते. त्या कुणी न्याव्यात याचे उत्तर काळाप्रमाणे बदलत गेले.

आज ज्याला आपण ‘पारंपरिक’ चर्च-विवाह समजतो, त्याचे रूप बव्हंशी एकोणिसाव्या शतकातील आहे. १० फेब्रुवारी १८४० रोजी राणी व्हिक्टोरियाचा विवाह झाला, तेव्हा तिच्या पांढऱ्या सॅटिनच्या झग्याचा लांब घोळ धरण्यासाठी बारा तरुणी होत्या. पांढऱ्या पोषाखाची लाट त्यानंतर पसरली. ब्रिटिश राजघराण्यातील अलीकडच्या विवाहांत मात्र लहान मुलांचीच गर्दी असते. मे २०१८ मध्ये विंडसर येथे प्रिन्स हॅरी व मेगन मार्कल यांच्या विवाहात सहा मुली व चार मुलगे होते, प्रौढ सखी एकही नव्हती.

विधीत स्थान कोणते?

काहीच नाही. कॅथॉलिक विवाहास वधू-वर, विवाह लावणारे धर्मगुरू व दोन साक्षीदार पुरेसे असतात. भारतीय ख्रिस्ती विवाह कायदा, १८७२ यालाही किमान दोन साक्षीदारच लागतात. विशेष विवाह कायदा, १९५४ नुसार नोंदणी पद्धतीने लग्न करणाऱ्यांना तीन. पाकळ्या उधळणारी मुलगी यांपैकी कुठेही बसत नाही. ती शोभेसाठी व हौसेसाठी असते. म्हणूनच तिच्या जागी कुणाला आणावे, की जागाच ठेवू नये, हे ठरविण्यास कुटुंब पूर्णतः मोकळे आहे. अडचण आलीच तर ती धर्मशास्त्राची नसून चर्चच्या झाडलोटीची असते. त्याविषयी पुढे.

आजीच्या हाती परडी

सर्वाधिक लोकप्रिय झालेला पर्याय म्हणजे आजी. गेल्या दहा-बारा वर्षांत अमेरिकेतील विवाहांत ‘फ्लॉवर ग्रँडमदर’ ही कल्पना चांगलीच रुजली. वधूची व वराची अशा दोन्हीकडच्या आज्या एकसारख्या रंगाचे पोषाख करून, हातात हात घालून चालतात आणि पाकळ्या उधळतात. वयाच्या ऐंशीव्या वर्षी मिळालेल्या या कामाचा त्यांना होणारा आनंद छायाचित्रांतही लपत नाही. चार वर्षांच्या मुलीला आपण काय करीत आहोत हे कळत नसते. आजीला ते पुरेपूर कळते. चालण्यास त्रास असेल तर आजीची चाकांची खुर्ची नातवाने ढकलावी, परडी तिच्या मांडीवर ठेवावी. वाटेचा उतार व पायऱ्या मात्र आदल्या दिवशी पाहून ठेवाव्यात.

आपल्याकडे या पर्यायाला आणखी एक अर्थ आहे. रोममध्ये आई-वडील हयात असलेला मुलगा शोधत, तशी आपल्या हिंदू लग्नघरांत प्रत्येक मंगलकार्यासाठी सवाष्ण शोधली जाते. हळद लावणे असो, ओटी भरणे असो, नवरा गेलेली बाई मागच्या खुर्चीत बसते, मग ती वधूची आजी असो वा खुद्द आई. कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये विधवांसंबंधीच्या अनिष्ट प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि राज्य शासनाने त्याच महिन्यात परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींनीही तसे करावे, असे आवाहन केले. ठरावाने प्रथा एका दिवसात जात नाही, हे खरे. परंतु वधूपुढे पाकळ्या उधळणे या कामाला आपल्याकडे कोणतीही जुनी अट चिकटलेली नाही. ते नवे आहे. त्यात कुणी चालावे व कुणी चालू नये, असे सांगणारी पोथी नाही. ज्या आजीला गौरीहरापाशी जाण्याचा संकोच वाटतो, तिला वधूपुढे चालविण्यास कुणाचीही हरकत येण्याचे कारण उरत नाही. प्रस्तुत लेखिकेच्या मते या नव्या हौसेचा सर्वांत चांगला उपयोग हाच.

मुलगे, मित्र आणि श्वान

फुले उधळण्याचे काम मुलीचेच, हा समजही आता मागे पडत आहे. भाचा असेल तर त्यालाच परडी द्यावी. अंगठ्यांची उशी घेऊन चालणारा मुलगा व फुले उधळणारी मुलगी ही वाटणी उलटी केल्याने काहीही बिघडत नाही. अमेरिकेत वराचे धिप्पाड मित्र किंवा काका कमरेच्या पट्ट्यातील पिशवीतून पाकळ्या काढून नाचत उधळतात. हा प्रकार स्वागत-समारंभात खुलतो. चर्चच्या गंभीर वातावरणात तो थिल्लर वाटण्याचा संभव आहे.

पाळीव श्वानाला फुलांचा पट्टा घालून नेण्याची फॅशनही आहे. बहुतेक चर्चमध्ये त्यास परवानगी मिळत नाही. लग्न बागेत किंवा समुद्रकिनारी असेल तरच हा विचार करावा. तेव्हाही कुत्र्याला सांभाळण्यासाठी एक माणूस स्वतंत्र ठेवावा लागतो आणि ढोल-ताशा किंवा फटाके असतील तर हा बेत सोडून देणेच बरे.

करवली आहेच की!

मराठी हिंदू लग्नांत ‘फ्लॉवर गर्ल’ आणू पाहणाऱ्यांनी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. वधूला बोहल्याकडे आणण्याचा मान आपल्याकडे मामाचा असतो आणि तिच्या पाठीशी उभी राहते ती करवली. करा-दिवा घेऊन उभी राहणारी ही बहीण हाच खरे तर आपल्याकडील जुना, देखणा नमुना होय. पाणी व प्रकाश तिच्या हाती असतात. सख्खी बहीण नसल्यास चुलत, मावस किंवा मामेबहीण करवली होते, यात कुणाला वावगे वाटत नाही. म्हणजे बदली माणसाची सोयही परंपरेने आधीच करून ठेवली आहे. गोव्यातील ख्रिस्ती विवाहात वधूच्या सखीला कोकणीत ‘धेडी’ म्हणतात व वराच्या पाठराख्याला ‘धेडो’. या नावांनाही स्वतःचा गोडवा आहे.

तेव्हा लहान मुलीला हौसेने सामील करून घ्यायचे असेल, तर तिला मोठ्या करवलीचे बोट धरून चालू द्यावे. ती एकटी पडत नाही आणि मध्येच थांबली तरी मिरवणूक थांबत नाही. उत्तरेकडील लग्नांतून आलेली ‘फुलों की चादर’ही, म्हणजे भावांनी धरलेल्या फुलांच्या छताखालून वधूने येणे, आता आपल्याकडील सभागृहांत दिसते. चार भाऊ किंवा चार मैत्रिणी असल्या की काम भागते.

पाकळ्यांऐवजी काय?

येथे चर्चची झाडलोट येते. गुलाबाची ताजी पाकळी संगमरवरावर पायाखाली आली की चिरडते, फरशी निसरडी होते व गालिच्यावर डाग पडतो. उंच टाचांचे जोडे घातलेली वधू त्याच वाटेने लगेच मागून येत असते. त्यामुळे अनेक चर्च व सभागृहे ताज्या पाकळ्या उधळू देत नाहीत. कापडी पाकळ्यांचा डाग पडत नाही, पण गुळगुळीत फरशीवर त्याही सरकतात. शिवाय कृत्रिम धाग्याच्या असल्यास त्या कुजत नाहीत, त्यामुळे मोकळ्या मैदानात वापरू नयेत. झेंडूच्या पाकळ्यांचा पिवळा रंग पांढऱ्या झग्याच्या कडेला लागला की सहज निघत नाही.

उधळण्यापेक्षा वाटणे हा यावरील सोपा उपाय. परडी घेतलेल्या व्यक्तीने वाटेतील प्रत्येक बाकावरच्या पाहुण्याला एकेक फूल द्यावे. लाजाळू मुलांना हे काम अधिक आवडते, कारण त्यांना काहीतरी निश्चित करायचे असते. फुलांचे कडे किंवा गजरा गुंडाळलेली काठी नेणे, ‘वधू येत आहे’ असे लिहिलेले कापडी फलक दोन मुलांनी धरणे, छोटी घंटा वाजवीत चालणे (आयर्लंडमध्ये लग्नात घंटा शुभ मानतात), हेही करता येते. कंदील न्यायचा असेल तर त्यात विजेरीवरचा दिवा असावा. मुलाच्या हाती उघडी ज्योत आणि शेजारी जाळीचा झगा ही जोडी टाळावी. साबणाचे फुगे केवळ बाहेरच उडवावेत. रेशमी वस्त्रावर त्यांचेही डाग पडतात.

तांदळाची गोष्ट निराळी आहे. पाश्चात्त्य देशांत चर्चबाहेर नवदांपत्यावर तांदूळ टाकण्याची चाल होती, पण कच्चा तांदूळ खाऊन पक्षी मरतात अशी समजूत तेथे पसरली. १९८५ मध्ये अमेरिकेतील कनेक्टिकट राज्याच्या विधिमंडळात त्याविरुद्ध विधेयकही मांडले गेले. ही भीती निराधार आहे. भाताच्या खाचरांवर पक्ष्यांचे थवे उतरतात ते उगाच नव्हे. आपल्याकडे अक्षतांना होणारा विरोध वेगळ्या कारणाने आहे. अन्न पायदळी जाऊ नये म्हणून अनेक कुटुंबे, तसेच अलीकडचे सत्यशोधक विवाह, तांदळाऐवजी फुलांच्या पाकळ्या वापरतात.

मुलीचे काय?

ज्या घरात योग्य वयाची मुलगी आहे, तेथेही तिचा कल आधी पाहावा. एप्रिल २०११ मध्ये प्रिन्स विल्यम यांच्या विवाहानंतर बकिंगहॅम राजवाड्याच्या सज्जात उभ्या असलेल्या तीन वर्षांच्या मुलीने गोंगाटाने हैराण होऊन दोन्ही कान झाकले आणि ते छायाचित्र जगभर छापून आले. आपल्याकडील सभागृहांत तर ध्वनिक्षेपक, छायाचित्रकारांचे प्रखर दिवे व भुकेची वेळ हे सारे एकाच वेळी येते. चार वर्षांखालील मुलांकडून एकट्याने चालण्याची अपेक्षा न केलेली बरी. पोषाख मऊ सुताचा असावा, टोचणारी जर आतून अस्तर लावून झाकावी. आदल्या दिवशी त्याच जागी एकदा चालवून पाहावे. वाटेच्या टोकाला, अगदी पहिल्या रांगेत, तिची आई किंवा बाबा तिला दिसतील असे बसवावेत. मुहूर्ताच्या क्षणी ती ‘नाही’ म्हणाली, तर परडी घेण्यास दुसरी व्यक्ती आधीच नेमलेली असावी, म्हणजे रडणाऱ्या मुलीला कुणी पुढे ढकलत नाही.

चर्चमध्ये लग्न असल्यास यांपैकी काहीही ठरविण्याआधी तेथील फादरना विचारावे. काय उधळता येईल, संगीत कधी सुरू होईल आणि विधीनंतर वाट कोण झाडणार, हे तीन प्रश्न पत्रिका छापायला देण्यापूर्वीच सुटलेले असावेत.