तळणीच्या उरलेल्या तेलाचा कपड्याचा साबण. कॉस्टिकचं माप मात्र काट्यावरच

दिवाळीच्या फराळानंतर कढईत उरलेलं तेल पुन्हा पुन्हा तापवून खाणं बरं नाही, मोरीत ओतलं तर पाइप तुंबतो. त्याचा कपडे धुण्याचा साबण घरीच होतो.

गाळलेलं 1 किलो सोयाबीन, सूर्यफूल किंवा पामतेल, 130 ग्रॅम कॉस्टिक सोडा, 300 मिली पाणी. खाण्याचा किंवा धुण्याचा सोडा इथे चालत नाही. चमच्याचा अंदाजही नको. कॉस्टिक कमी पडलं तर साबण चिकट राहतो, जास्त झालं तर हाताची साल काढतो.

काम अंगणात करावं, पोरं लांब ठेवावीत, हातमोजे आणि चष्मा घालावा. सोडा थोडा थोडा पाण्यात सोडायचा. सोड्यावर पाणी ओतलं की उसळतं. भांडं स्टीलचंच, ॲल्युमिनियमचं पातेलं कॉस्टिक खाऊन टाकतं. पाणी कोमट झालं की तेलात ओतून पिठल्याइतकं दाट होईस्तोवर घोटावं. हाताने तासभरही लागतो, कंटाळू नये. प्लास्टिकच्या ट्रेमध्ये ओतून दोन दिवसांनी वड्या पाडाव्यात आणि महिनाभर सावलीत वाळवाव्यात.

अंगावर उडालं तर लिंबू चोळू नये, 20 मिनिटं वाहत्या पाण्याखाली धरावं. डोळ्यात गेलं तर तसंच धुऊन लगेच दवाखाना गाठावा.