एचपीव्ही लस : प्रौढांची संमती (उटनूर परिसर)

एचपीव्ही या विषाणूमुळे होणारा गर्भपिशवीच्या तोंडाचा कॅन्सर टाळण्यासाठीची लस स्वतः घ्यायची का, लेकीला द्यायची का, हे समजून घेऊन ठरवणे म्हणजे या संदर्भातील संमती. नुसता होकार म्हणजे संमती नव्हे. नाही म्हणता येते हे ज्याला ठाऊक आहे, त्याच्याच होकाराला संमती म्हणता येते.

उटनूर हे तेलंगणाच्या आदिलाबाद जिल्ह्यातील मंडलाचे गाव. एकात्मिक आदिवासी विकास संस्थेचे कार्यालय येथे आहे. परिसरात गोंड, कोलाम, परधान, आंध आणि लंबाडी समाजाची वस्ती. घरात गोंडी, कोलामी, मराठी किंवा लंबाडी बोलतात. परधान आणि आंध यांच्या घरांत मराठीच अधिक. सरकारी कागद मात्र तेलुगूत येतो. शिवाय अनेक मुली आश्रमशाळेच्या वसतिगृहात राहतात. लसीचा प्रश्न निघतो तेव्हा मुलगी शाळेत आणि आईबाप गावात, शेतावर. अशाच परिस्थितीत काय घडू शकते, ते याच राज्यात एकदा घडून गेले आहे.

जुलै २००९ मध्ये तेव्हाच्या आंध्र प्रदेशातील, आता तेलंगणातील, खम्मम जिल्ह्यात ‘पाथ’ या अमेरिकी संस्थेने भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद आणि राज्य सरकार यांच्यासह ही लस देण्याचा प्रकल्प सुरू केला. भद्राचलम, कोत्तागुडेम आणि तिरुमलायपालेम या मंडलांतील १० ते १४ वर्षांच्या सुमारे १४ हजार मुलींना लस मिळाली. त्यांत वसतिगृहांतल्या आदिवासी मुली पुष्कळ होत्या. खम्मम आणि गुजरातेतील वडोदरा मिळून सात मुलींच्या मृत्यूंच्या बातम्या आल्यावर एप्रिल २०१० मध्ये काम थांबवले गेले. चौकशीत या मृत्यूंचा लसीशी संबंध आढळला नाही. संमतीच्या बाबतीत मात्र जे उघड झाले ते गंभीर होते. संसदीय स्थायी समितीच्या २०१३ च्या अहवालानुसार आंध्रातील ९,५४३ अर्जांपैकी १,९४८ अर्जांवर नुसते अंगठे होते आणि २,७६३ अर्जांवर वसतिगृहाच्या वॉर्डननेच सह्या केल्या होत्या. लस निर्दोष असली म्हणून ती देण्याची रीत निर्दोष ठरत नाही. या दोन गोष्टींची गल्लत आजही होते, आणि तिच्यामुळे चांगल्या लसीवरचाही विश्वास उडतो.

या वादाचा एक परिणाम कोणाच्या ध्यानीमनी नव्हता. पुणे, बार्शी आणि देशातील इतर काही ठिकाणी याच लसीच्या दोन आणि तीन मात्रांची तुलना करणारा वेगळा अभ्यास चालू होता; त्यातील लस देणेही २०१० मध्ये थांबले. त्यामुळे हजारो मुलींना एकच मात्रा मिळाली. दहा वर्षे पाठपुरावा केल्यावर विषाणूच्या १६ आणि १८ या प्रकारांच्या टिकून राहणाऱ्या संसर्गापासून एका मात्रेनेही सुमारे ९५ टक्के संरक्षण दिसले. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये ९ ते २० वर्षे वयासाठी एक मात्राही चालेल असे सांगितले, त्यामागे या मुलींचा मोठा वाटा आहे.

प्रौढ बाईचा स्वतःविषयीचा निर्णय लेकीसाठीच्या निर्णयाहून वेगळा आहे. हा विषाणू शरीरसंबंधातून पसरतो आणि लस नव्या संसर्गाला अडवते; आधी झालेला संसर्ग किंवा कॅन्सर ती बरा करत नाही. म्हणून वय वाढते तसा तिचा उपयोग सरासरीने कमी होतो, पण शून्य होत नाही. एकविशीपुढे जागतिक आरोग्य संघटना सहा महिन्यांच्या अंतराने दोन मात्रा सुचवते. अमेरिकेत २७ ते ४५ वर्षांच्या व्यक्तींना सरसकट शिफारस नाही. डॉक्टरशी बोलून ठरवावे, असे २०१९ पासून म्हटले जाते. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटच्या ‘सर्व्हाव्हॅक’ला २०२२ मध्ये मंजुरी मिळाली ती ९ ते २६ वर्षे वयासाठी. गरोदरपणी लस पुढे ढकलतात. एचआयव्ही असल्यास मात्रा जास्त लागतात, तेव्हा ते डॉक्टरला सांगावे.

‘ही सुई घेतली की मूल होत नाही’ ही भीती खेड्यात खोलवर आहे. तिला हसून उडवू नये, उत्तर द्यावे : लसीत जिवंत विषाणू नसतो, आणि तिने वांझपण येते असे आढळलेले नाही. दंड दुखणे, थोडा ताप आणि काहींना घेरी येणे, सहसा एवढेच होते. म्हणून सुईनंतर थोडा वेळ बसवून ठेवतात. हे सारे आशाताईने किंवा नर्सबाईने बाईच्या बोलीत सांगावे आणि तिने पुन्हा आपल्या शब्दांत सांगितले की मगच सही किंवा अंगठा घ्यावा. विचार करायला तिला घरी जाऊ द्यावे.

तिशी ओलांडलेल्या बाईला लसीहून तपासणी अधिक मोलाची. तेव्हाच्या उस्मानाबाद (आता धाराशिव) जिल्ह्यात १९९९ पासून १,३१,७४६ बायकांवर झालेल्या अभ्यासात एकदाच केलेल्या एचपीव्ही तपासणीने या कॅन्सरचे मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आले. तुलनेच्या गटातील बायकांना मात्र तपासणी दिली नव्हती आणि त्यावर पुढे कडक टीका झाली. सरकारी आरोग्य केंद्रात पातळ ॲसिटिक आम्ल लावून डोळ्यांनी पाहण्याची साधी तपासणी केली जाते; लावलेला भाग पांढरा पडला तर पुढची तपासणी लागते. लस घेतलेल्या बाईनेही तिशीनंतर तपासणी करून घ्यावी, कारण लस विषाणूच्या सगळ्या प्रकारांना अडवत नाही.