करभार व जीवनमान : अमेरिकेतील घटकराज्ये
संघीय प्राप्तिकराखेरीज अमेरिकेतील घटकराज्ये व स्थानिक संस्था स्वतंत्र कर आकारतात. उदारमतवादी कॅलिफोर्नियात राज्य प्राप्तिकराचा सर्वोच्च दर १३.३% आहे, तथापि १९७८ च्या ‘प्रपोझिशन १३’ या जनमत-प्रस्तावाने मालमत्ताकराचा मूळ दर १ टक्क्यावर रोखला. पुराणमतवादी टेक्सासमध्ये वैयक्तिक राज्य प्राप्तिकर नाही. तेथे शाळांच्या खर्चाचा मोठा बोजा घरमालकांच्या मालमत्ताकरावर पडतो. विक्रीकरही ८.२५ टक्क्यांपर्यंत जातो आणि त्याची झळ अल्प उत्पन्न गटाला अधिक बसते. टेक्सासमध्ये घरे तुलनेने स्वस्त. मात्र आरोग्यविमा नसलेल्यांचे प्रमाण देशात सर्वाधिक. २०२१ मध्ये सरासरी आयुर्मान उदारमतवादी हवाईत ७९.९, तर पुराणमतवादी मिसिसिपीत ७०.९ वर्षे होते. परंतु पुराणमतवादी यूटाचेही आयुर्मान तुलनेने जास्त असल्याने निव्वळ राजकीय कलावरून जीवनमान ठरवता येत नाही.